जलरंगातील स्थिरचित्र

समोर मांडून ठेवलेल्या भांडी, फळे, भाज्या, मासे, वस्त्रे, अवजारे अशा वस्तूंचे पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक रंगांनी, प्रत्यक्ष पाहून केलेले चित्रण म्हणजे जलरंगातील स्थिरचित्र होय. महाराष्ट्रात या चित्रप्रकाराची ओळख बहुतेकांना शालेय वयात, शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने होते. सिंधुदुर्ग जिल्ह्याशी त्याचा आणखी एक संबंध आहे: भारतातील श्रेष्ठ जलरंगचित्रकारांपैकी एक, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म सावंतवाडीचा. प्रस्तुत लेखात या चित्रप्रकाराचे स्वरूप, त्याचा महाराष्ट्रातील प्रवास आणि मालवण किनाऱ्यासारख्या दमट प्रदेशात तो शिकू पाहणाऱ्याला लागणारी माहिती दिली आहे.

संज्ञा

मराठीत ‘स्थिरचित्र’ ही संज्ञा रूढ आहे. ‘वस्तुचित्र’ हा शब्दही वापरतात. मात्र शालेय परिभाषेत वस्तुचित्र म्हणजे एकदोन वस्तूंचा प्राथमिक अभ्यास आणि स्थिरचित्र म्हणजे अनेक वस्तूंची, पार्श्वभूमीसह केलेली पूर्ण मांडणी, असा भेद केला जातो. युरोपात सतराव्या शतकात डच चित्रकारांनी हा प्रकार स्वतंत्रपणे नावारूपाला आणला. फ्रेंच भाषेत त्याला असलेल्या नावाचा शब्दशः अर्थ ‘मृत निसर्ग’ असा होतो. ‘स्थिर’ हा मराठी शब्द त्याहून अधिक समर्पक म्हणावा लागेल, कारण चित्रासाठी ठेवलेली वस्तू स्थिर असली तरी तिच्यावरचा प्रकाश सतत बदलत असतो.

जलरंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक भुकटी आणि बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक यांचे मिश्रण होय. ते लवकर कडक होऊ नये म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा मधासारखा पदार्थ घालतात. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, हा संकेत आहे. चित्रातला प्रकाश कागदाच्या पांढरेपणातून येतो. रंगाचा पातळ थर भेदून तो कागदावर आदळतो आणि परत फिरतो. पोस्टर कलर याच्या उलट, म्हणजे अपारदर्शक असतात. त्यांत चुकलेला भाग झाकता येतो. जलरंगात ती सोय जवळजवळ नाही.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. पण या भूभागातील चित्रपरंपरा त्याहून कितीतरी जुन्या आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी आणि सावंतवाडीची गंजिफा या त्यांतील प्रमुख होत. चित्रकथीमध्ये कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगितल्या जातात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. विसाव्या शतकात सावंतवाडीच्या राजघराण्याने या कलेला नवे जीवन दिले.

या दोन्ही परंपरांत रेषा ठसठशीत आणि रंग सपाट असतो. वस्तू एका बाजूने उजळ व दुसऱ्या बाजूने काळोखी दाखवण्याची, तिची जमिनीवर पडणारी सावली रंगवण्याची तेथे गरजच नसते. चित्रकाराला वस्तू ठाऊक असते आणि तो ती आपल्या माहितीनुसार काढतो. स्थिरचित्राची दृष्टी वेगळी आहे. येथे ठाऊक असलेले बाजूला ठेवून या क्षणी, या जागेवरून जे दिसते तेवढेच काढायचे असते. ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवण्यात १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा वाटा सर्वांत मोठा आहे. एक दृष्टी पुढारलेली आणि दुसरी मागासलेली, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. नवशिक्या मुलाच्या हातून आपोआप उमटते ती बहुधा पहिली दृष्टी. तो तांब्याची बाह्यरेषा काढतो आणि आत पिवळा रंग भरतो. स्थिरचित्राचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होते ते त्यानंतर.

सावळाराम हळदणकर

सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे कलाशिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते. व्यक्तिचित्रण हे त्यांचे मुख्य क्षेत्र. तैलरंग आणि जलरंग या दोहोंवर त्यांचे प्रभुत्व होते.

त्यांचे सर्वाधिक प्रसिद्ध चित्र ‘ग्लो ऑफ होप’ हे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या तळहाताने ज्योतीला आडोसा देणारी स्त्री, हा त्याचा विषय. चित्रासाठी त्यांची कन्या गीता हिने बैठक दिली होती. त्याच्या छापील प्रती घरोघरी पोहोचल्या, परंतु चित्रकाराचे नाव तेवढे पोहोचले नाही: हे चित्र राजा रविवर्मा यांचे आहे आणि ते तैलरंगातील आहे, हे दोन्ही गैरसमज आजही आढळतात. वास्तविक ते जलरंगात केलेले आहे.

हे चित्र स्थिरचित्र नसले तरी स्थिरचित्र शिकणाऱ्याने ते लक्षपूर्वक पाहावे असे आहे. त्यात ज्योत उजळ दिसते ती तिच्यासाठी एखादा विशेष तेजस्वी रंग वापरला आहे म्हणून नव्हे. तिच्या भोवतालचा काळोख क्रमाक्रमाने गडद होत गेला आहे, आणि आडोशाच्या बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश या दोहोंच्या मध्ये आहे. जलरंगात काळोख रंगवावा लागतो. उजेड राखून ठेवावा लागतो. घरातल्या साध्या वस्तू रंगवतानाही नेमके हेच साधायचे असते.

रेखाकला परीक्षेतील स्थान

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हे विषय असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राची जागा स्थिरचित्र घेते. उत्तीर्णांना अ, ब, क अशा श्रेणी मिळतात आणि इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीच्या निकालात श्रेणीनुसार वाढीव गुण दिले जातात. पुढे कलाशिक्षणाकडे वळणाऱ्यांना या परीक्षेचा उपयोग होतो तो वेगळाच.

वाढीव गुणांमुळे परीक्षार्थींची संख्या वाढली, हे खरे. त्याचबरोबर पाठांतराची वाटही रुंदावली. छाया नेहमी उजव्या बाजूला, फडक्याच्या घड्या तीनच, घड्यावर डाव्या अंगाला एक पांढरी खिडकी, असे ठरलेले साचे मुलांकडून गिरवून घेतले जातात. पूर्णवेळ कलाशिक्षक नसलेल्या अनेक ग्रामीण शाळांत तर परीक्षेच्या आधीचे काही आठवडे एवढीच तयारी असते. परीक्षेत वस्तू मध्यभागी मांडून विद्यार्थी भोवती बसतात. प्रत्येकाला मांडणी वेगळ्या कोनातून दिसते, प्रकाशही वेगळ्या बाजूने आलेला दिसतो. म्हणजे साचा जवळजवळ कोणाच्याच जागेला लागू पडत नाही, आणि शेजाऱ्याचे पाहून काढण्याचाही उपयोग नसतो. हा एक विषय असा आहे की ज्यात प्रत्येक विद्यार्थ्यासमोरची प्रश्नपत्रिका वेगळी असते.

किनारपट्टीच्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण असते. परीक्षा बहुधा सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, म्हणजे पावसाळा पुरता सरलेला नसताना येते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात तेव्हा कागद, हवा, भिंती सारेच ओलसर असते. सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरकडच्या विद्यार्थ्याचा रंग जेथे बघता बघता वाळतो, तेथे मालवणच्या विद्यार्थ्याला वाट पाहत बसावे लागते, आणि वेळ दोघांनाही सारखाच असतो. याचा विचार सराव करतानाच केला पाहिजे.

साहित्य

प्रारंभी फार साहित्य लागत नाही. मात्र कागदाच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. शाळेत मिळणारा पातळ ड्रॉइंग पेपर पाणी पडताच फुगतो, त्याला पन्हळी पडतात आणि रंग त्या खळग्यांत साचतो. पुष्कळ मुले याला स्वतःच्या हाताचा दोष समजतात व जलरंग सोडून देतात. प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा (दुकानात ‘३०० जीएसएम’ म्हणून मागितला जाणारा), थोडा खडबडीत पृष्ठभागाचा कागद घेतल्यास ही अडचण बरीचशी दूर होते. अखंड इम्पीरियल ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचा, सरावाला पुरेसा तुकडा मिळतो. पातळ कागदच वापरावा लागला तर तो ओला करून फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने ताणून वाळवावा.

रंग वड्यांच्या किंवा नळ्यांच्या रूपात मिळतात. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ‘कॅमल’ छापाच्या रंगपेट्यांवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांचे हात बसले आहेत. बारा-अठरा रंगांची पेटी मुलांना मोहवते. पण सहा रंग पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. पेटीतला काळा प्रारंभी तरी बाजूला ठेवावा. अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना एकत्र केल्यास करडा मिळतो. निळा वाढवला की थंड, तपकिरी वाढवला की उबदार. सावल्यांसाठी हा करडा तयार काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत दिसतो.

टोक नीट जमणारे गोल कुंचले, क्रमांक ६ आणि १२, एवढे दोन बस्स आहेत. मोठ्या कुंचल्याने काम करण्याची सवय लावावी. लहान कुंचला हातात आला की मूल बाह्यरेषा कोरू लागते. पाण्याची दोन भांडी ठेवावीत, एक कुंचला धुण्यासाठी, दुसरे रंग कालवण्यासाठी. जुन्या धोतराचा किंवा साडीचा सुती तुकडा हाताशी हवाच.

रेखांकन

स्थिरचित्रात सर्वाधिक चुका रंगात होत नाहीत. त्या गोल भांड्यांच्या काठांत होतात. तांब्याचे तोंड वर्तुळ असले तरी बाजूने पाहताना ते लंबवर्तुळ दिसते. या लंबवर्तुळाची दोन्ही टोके गोलसर असतात. नवशिक्यांच्या चित्रात ती बदामाच्या फोडीसारखी टोकदार होतात. काठ नेमका डोळ्याच्या पातळीत असेल तर तो सरळ रेषा दिसतो आणि जसजसा पातळीच्या खाली जाईल तसतसा अधिकाधिक गोल होत जातो. म्हणून खाली ठेवलेल्या तांब्याचा तळ तोंडाच्या मानाने अधिक गोलाई घेऊन आला पाहिजे. तळ सरळ रेषेने कापला तर वरून पाहिलेला तांब्या समोरून पाहिलेल्या तळावर बसवल्यासारखा दिसतो.

हात लांब करून पेन्सिलीने उंची-रुंदीचे माप घेण्याची पद्धत सर्वत्र शिकवली जाते व ती उपयुक्त आहे. तिच्याइतकाच दुसरा उपाय म्हणजे दोन वस्तूंमधील मोकळ्या जागेचा आकार पाहणे. तांब्या आणि नारळ यांच्यामधली पोकळी जशी दिसते तशी काढली तर दोन्ही वस्तू आपोआप जागेवर येतात. खोडरबर फार घासू नये. कागदावरचा लेप खरवडला गेला की तेथे रंग शोषला जातो आणि डाग पडल्यासारखा दिसतो.

ओलावा व चमक

जलरंगाच्या पुस्तकांत अमुक मिनिटांनी दुसरा थर द्यावा, असे सांगितलेले असते. कोकणात त्यावर विसंबून चालत नाही. मिनिटे मोजण्यापेक्षा कागद तिरका धरून त्यावरची चमक पाहावी. कागद आरशासारखा चमकत असताना त्यावर सोडलेला रंग पसरतो आणि कडा विरघळतात. मऊ सावल्या व पार्श्वभूमी यांना ही अवस्था उपयोगी पडते. चमक पूर्ण जाऊन कागद हाताला गार लागत नाही तोपर्यंत तो वाळलेला नसतो. वाळल्यावर दिलेल्या थराची कड स्पष्ट येते. या दोहोंच्या मधली, चमक नुकतीच मावळू लागल्याची वेळ सर्वांत धोक्याची. तेव्हा पाणीदार कुंचला टेकवला तर पाणी आधीच्या रंगाला बाहेर ढकलते आणि फुलकोबीसारखी दातेरी कड उमटते. अधीर विद्यार्थी नेमक्या याच वेळी ‘थोडेसे सुधारायला’ जातो.

पावसाळ्यात ही मधली अवस्था लांबते. त्यावर तीन उपाय आहेत. कुंचल्यात पाणी कमी आणि रंग अधिक घ्यावा. एकमेकींना न भिडणारी क्षेत्रे आळीपाळीने रंगवावीत, म्हणजे तांब्या वाळेपर्यंत कडेच्या कापडावर काम करता येते. घरी सराव करताना दोन कागद एकाच वेळी घ्यावेत. पंख्याखाली कागद ठेवण्यास हरकत नाही. उन्हात ठेवू नये, तो वाकतो. वाळल्यावर जलरंग फिका पडतो, हेही लक्षात ठेवावे. ओला असताना अगदी बरोबर वाटलेला गडदपणा वाळल्यावर अपुरा ठरतो.

थर देताना फिक्याकडून गडदाकडे जावे. पहिल्या थरात सर्वांत उजळ जागा तेवढ्या कोऱ्या ठेवाव्यात. फ्रेंच चित्रकार पॉल सेझान (१८३९–१९०६) याच्या उत्तरकालीन जलरंगांत सफरचंदे व भांडी यांभोवती कागदाचे मोठे भाग कोरेच आहेत आणि तरीही चित्र अपुरे वाटत नाही. सगळा कागद भरलाच पाहिजे ही समजूत आपल्याकडे परीक्षेमुळे पक्की झाली आहे. सरावात ती सोडून पाहण्यास हरकत नसावी.

सरावासाठी वस्तू

मेणाची फळे किंवा प्लॅस्टिकची फुले आणण्याची आवश्यकता नाही. कोकणी घराच्या स्वयंपाकघरात आणि पडवीत अभ्यासाला लागणारे सर्व पोत आहेत: पितळेची कळशी, रोवळी, सूप, आडाळो (विळी), मातीचा माठ, करवंटी, रातांबे, काजूची बोंडे.

सावंतवाडीच्या चितार आळीत मिळणारी लाकडी फळे सुरुवातीला सोयीची असतात. ती कुजत नाहीत, आकार सोपा असतो आणि चकाकत्या लेपामुळे प्रकाशबिंदू कोठे आहे हे चटकन कळते. मात्र त्यांचा रंग आधीच कोणीतरी रंगवलेला असतो. लाकडी आंबा पाहून काढलेले चित्र हे चित्राचे चित्र होते. काही दिवसांनी खऱ्या फळाकडे वळावे. देठाशी तांबूस, मध्ये पिवळा आणि खाली किंचित हिरवट असा हापूस एका ओल्या थरात तीन रंग सोडून, ते आपसांत मिसळू देऊन रंगवण्याचा आनंद वेगळा आहे.

तांब्या-पितळ. आमसुलाने किंवा चिंचेने नुकतेच घासलेले पितळ पिवळे असते, अशी समजूत असते. डोळे किलकिले करून पाहिल्यास त्यावर पिवळ्याहून तपकिरी, जवळजवळ काळे आणि खिडकीतून आलेले निळसर पट्टेच जास्त दिसतात. धातूचा भास रंगाने होत नाही. अतिशय उजळ आणि अतिशय गडद भाग एकमेकांना खेटून, कडा तीक्ष्ण ठेवून आल्यास तो होतो. सोनेरी रंग वापरल्यास भांडे हमखास निर्जीव दिसते.

नारळ. फोडलेल्या नारळाचे अर्धे भकल हा पांढऱ्या रंगाचा उत्तम धडा आहे. खोबरे पांढरे म्हणून कोरे सोडले तर वाटीचा खोलगटपणा नाहीसा होतो. प्रत्यक्षात आतल्या एका अंगावर निळसर करडी सावली असते, तळाशी परावर्तित प्रकाशाने ती किंचित पिवळसर होते, आणि कोऱ्या कागदाएवढा पांढरा भाग काठावरच्या एखाद्या कोरीपुरताच असतो. करवंटीचा गडद तपकिरी काठ दिल्याशिवाय खोबऱ्याची शुभ्रता जाणवत नाही. सोललेल्या नारळाच्या शेंड्या एकेक काढत बसू नये; कोरड्या कुंचल्याचे केस पसरून दोनचार फटकारे पुरतात.

बांगडा. मालवणात सहज मिळणारी आणि जलरंगाला अत्यंत अनुकूल अशी ही वस्तू आहे. अट एकच, ती लवकर रंगवावी लागते. ताज्या बांगड्याच्या पाठीवरची निळी-हिरवी झाक काही तासांत मंदावते आणि नंतर घरातली मंडळीही वाट पाहत नाहीत. पोटाकडचा रुपेरी भाग कागदाचा कोरा ठेवून त्यावर निळा, गुलाबी आणि पिवळसर यांचे अगदी पुसट थर द्यावेत. पाठ ओली असतानाच प्रशियन ब्लूमध्ये थोडा पिवळा मिसळून सोडावा. ती पूर्ण वाळल्यावर पाठीवरच्या काळसर रेघा एकेका फटक्यात काढाव्यात. मोजून काढल्या की मासा छापल्यासारखा दिसतो. डोळा शेवटी, त्यातला प्रकाशाचा ठिपका राखून.

पडछाया

वस्तूखालची सावली काळी नसते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती तपकिरी, पांढऱ्या चादरीवर निळसर असते. वस्तू टेकते त्या जागी ती सर्वांत गडद आणि कड सर्वांत स्पष्ट असते; दूर जाताना ती फिकट व अस्पष्ट होते. एवढे एक पाळले तरी हवेत तरंगणारी भांडी जमिनीवर येतात. मांडणीला एकाच बाजूचा उजेड असावा. कौलारू घरात कवडशाखाली मांडणी करण्याचा मोह होतो, पण कवडसा सरकत राहतो. उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड अधिक स्थिर असतो. ढगाळ दिवशी सावल्या पुसट होतात. अशा वेळी एखादा दिवा एका बाजूला लावून अभ्यास करावा.

जतन

कोकणातील दमट हवेत कोरा कागदही खराब होतो. त्यावरील लेप बुरशीमुळे जागोजागी मरतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. रंगाचा थर दिल्यावरच ठिपके उमटतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी घेतलेले ताव प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच ठेवावेत. रंगाची पेटी ओली असताना मिटू नये, वड्यांवर बुरशी धरते. पूर्ण झालेले चित्र काचेखाली लावताना कागद काचेला चिकटणार नाही असे पुठ्ठ्याचे अंतर मध्ये ठेवतात. काही तांबड्या रंगद्रव्यांचा, विशेषतः जुन्या पद्धतीच्या क्रिमसनचा, रंग उजेडात हळूहळू उडतो. त्यामुळे अशी चित्रे थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगत नाहीत.